वर्गातला शब्दमेघ : आठवीच्या तासाला पारखलेली साधने

आमच्या आठवीच्या वर्गात डिजिटल फळ्यावर पहिला शब्दमेघ उमटला, तेव्हा त्याच्या मधोमध सर्वांत मोठ्या ठशात ‘आह’ असे लिहिलेले होते. त्याच्याखाली ‘रत’, आजूबाजूला ‘पर’, ‘आण’ आणि ‘जन’, तर एका कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत ‘रयत’. मजकुरातल्या शब्दांचे असे चित्र काढून देणाऱ्या संकेतस्थळाच्या चौकटीत मी चिकटवली होती ती पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली प्रतिज्ञा, आणि ‘देश’ किंवा ‘भारत’ मोठ्या अक्षरांत दिसेल अशी माझी भाबडी समजूत होती. मागच्या बाकावरून “सर, प्रतिज्ञेला कुठं दुखतंय?” असा प्रश्न आला आणि पुढची पाच मिनिटे वर्ग माझ्या हातात राहिला नाही.

या परीक्षणाची सुरुवात त्या फजितीपासूनच करणे मला योग्य वाटते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवतो. वर्गात ४४ मुलेमुली आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी उर्दू, आणि मराठी ही बऱ्याच जणांची शाळेतली व बाजारातली भाषा आहे. वडील यंत्रमागावर आणि आई विड्या वळणारी, अशा घरांतून येणारी ही मुले तीन भाषा सहज बोलतात आणि लिहायची वेळ आली की एकाही भाषेत पान भरत नाहीत. अशा वर्गात शब्दांकडे लक्ष वेधून घेणारे काहीतरी हवे, म्हणून गेली दोन शैक्षणिक वर्षे मी शब्दमेघाची ही मोफत साधने वापरून पाहत आहे. इंग्रजीच्या तासासाठी त्यांची भलामण करणारे लेखन पुष्कळ आहे. मराठीच्या तासाला ती कितपत टिकतात, एवढेच मला येथे सांगायचे आहे.

दिलेल्या मजकुरात जो शब्द जितक्या वेळा येतो तितका तो मोठा छापायचा आणि सगळे शब्द एकमेकांत अडकवून त्यांचा पुंजका करायचा, एवढीच मुळात ही कल्पना आहे. मुले त्याला ‘शब्दांचा ढग’ म्हणतात. ढगांचे अप्रूप आमच्याकडे जरा जास्तच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात ढगांमध्ये बीजारोपण करून पाऊस वाढतो का हे तपासण्यासाठी विमाने उडवली, ती सोलापूरच्याच आकाशात. त्यामुळे ‘ढगात काय पेरायचे’ हा विनोद आमच्या वर्गात पहिल्या आठवड्यातच जुना झाला.

आता ‘आह’ कुठून आला ते पाहू, कारण मराठीपुरते या साधनांचे सगळे दुखणे त्या एका अक्षरजोडीत दिसते. संगणकासाठी ‘आहे’ हा शब्द आ, ह आणि एकाराची मात्रा असा तीन चिन्हांचा असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात सर्व लिप्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण संकेतांत, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांची गणना अक्षरांत होत नाही, ‘खुणा’ या वेगळ्या गटात होते. ज्या साधनाचा कर्ता फक्त अक्षरांच्या सलग रांगेला शब्द समजतो, त्याच्या हिशेबी प्रत्येक मात्रा ही शब्द तोडणारी रिकामी जागा ठरते, आणि एकट्या पडलेल्या अक्षराला शब्द न मानण्याचा नियम असल्याने ते गाळूनही टाकले जाते. म्हणून ‘भारत’मधला भ गेला आणि ‘रत’ उरला, ‘परंपरा’चे दोन ‘पर’ झाले, ‘बांधव’ शब्दाचा ‘धव’ झाला. ‘प्रयत्न’ या शब्दातून पुढचा प आणि मागचा न गळून मध्ये नेमकी ‘रयत’ शिल्लक राहिली, हा योगायोग इतिहासाच्या शिक्षकांना फार आवडला. ‘आहे’ पाच वेळा आणि ‘आहेत’ एकदा, अशी सहा वेळा ती ‘आह’ निघाली. अशा साधनात ‘विद्यार्थी’ हा शब्द घातला तर त्यातले एकही अक्षर वाचत नाही. विद्यार्थीच गायब होतो.

त्या संकेतस्थळाचे नाव मी घेत नाही, कारण हा दोष एकट्या त्याचा नाही आणि असे दोष दुरुस्तही होत असतात. नाव लक्षात ठेवण्यापेक्षा कसोटी लक्षात ठेवणे सोयीचे आहे. कोणतेही नवे साधन उघडले की मी आधी ‘विद्यार्थी परंपरा प्रयत्न’ हे तीनच शब्द टाकतो. ते अखंड बाहेर आले तर शब्द तोडण्याची पद्धत ठीक आहे असे समजावे. नंतर ‘विद्यार्थी’ नीट निरखून पाहावा. ऱ्हस्व वेलांटी व च्या आधी आहे का, द आणि य यांचे जोडाक्षर जुळले आहे की मध्ये हलन्ताची शेपटी लोंबते आहे, रफार थ च्या डोक्यावर चढला आहे का, या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात तपासून होतात. काही साधने शब्द बरोबर मोजतात आणि काढताना मात्र वेलांटी उजवीकडे ढकलतात. तसे चित्र भिंतीवर लावले तर पाचवीची मुले तेच शुद्धलेखन शिकतील.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात मिळालेल्या एका टिपणात ‘वर्डल वापरा’ अशी सूचना होती आणि तिने आमचा संगणककक्षातला एक पूर्ण तास खाल्ला. वर्डल हे या प्रकारातले पहिले गाजलेले साधन. जोनाथन फाइनबर्ग यांनी ते २००८ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ते जावा ॲपलेटवर, म्हणजे ब्राउझरला वेगळ्या जोडणीने चालवाव्या लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, चालत असे. ब्राउझरांनी एकामागोमाग एक अशा जोडण्यांचा आधार काढून घेतला, क्रोमने २०१५ मध्ये, आणि वर्डल वापरातून गेले. पुढे २०२१ मध्ये जॉश वॉर्डल यांचा पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ त्याच नावाने जगभर पसरला आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. टिपण लिहिणाऱ्याच्या मनात पहिले वर्डल होते, मुलांना सापडले ते दुसरे. मी ते बंद करायला लावले तेव्हा एका गटाला अजून दोन संधी शिल्लक होत्या, आणि याबद्दल त्यांनी मला अद्याप माफ केलेले नाही.

सध्या चालू असलेल्या साधनांचे वर्गाच्या दृष्टीने दोन प्रकार पडतात. पहिल्यात आपण तयार मजकूर चिकटवतो आणि चित्र मिळते. वर्डक्लाउड्स डॉट कॉम हे या प्रकारातले मला सर्वांत उपयोगी पडलेले साधन आहे. तेथे नोंदणी करावी लागत नाही आणि, मराठीच्या शिक्षकाला ज्याची सर्वांत जास्त गरज आहे ती सोय तेथे आहे : शब्दांची यादी उघडून प्रत्येक शब्दाचे वजन हाताने बदलता येते. वर्डआर्टमध्ये, म्हणजे पूर्वीच्या टॅगुलमध्ये, रंग, आकार आणि अक्षरवळण (फॉन्ट) यांवर अधिक ताबा मिळतो, पण काम जतन करायचे असेल तर खाते उघडावे लागते. दुसऱ्या प्रकारात मुले आपापल्या यंत्रावरून शब्द पाठवतात आणि मेघ सर्वांच्या डोळ्यांदेखत फुगत जातो; स्टॉकहोमच्या मेंटीमीटरमुळे हा प्रकार आपल्याकडे सर्वांत जास्त माहीत झाला आहे. या दुसऱ्या प्रकाराकडे मी नंतर येतो.

अक्षरे न तोडणाऱ्या साधनात तीच प्रतिज्ञा घातली, तेव्हा प्रत्येकी पाच वेळा येणारे ‘आहे’ व ‘आणि’ सर्वांत मोठे निघाले आणि त्यांच्या खालोखाल ‘माझे’ व ‘माझ्या’ हे प्रत्येकी चार वेळा आल्यामुळे एकाच मापाचे उमटले. ‘देश’ शोधावा लागला. इंग्रजी मजकुरातले ‘द’, ‘इज’, ‘अँड’ यांसारखे शब्द ही साधने आपणहून गाळतात, कारण तशी यादी त्यांच्या पोटात असते. मी वापरलेल्या साधनांत मराठीची यादी मला मिळाली नाही, तेव्हा ‘आहे’, ‘आणि’, ‘व’, ‘तो’, ‘ही’, ‘पण’, ‘तर’ हे सगळे हाताने काढणे आले. हे काम दोन मिनिटांचे आहे. खरी अडचण त्याच्या पुढची आहे. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतो, शब्दयोगी अव्ययही चिकटते आणि चिकटण्यापूर्वी शब्द आपले सामान्यरूप धारण करतो. शाळा, शाळेत, शाळेला, शाळेतील, शाळेजवळ हे माणसाला एकाच शब्दाचे पाच अवतार वाटतात, यंत्राला ते पाच अनोळखी शब्द वाटतात. मराठी निबंधाचा शब्दमेघ म्हणूनच पिठूळ होतो. काहीच मोठे होत नाही, सगळे सारखेच बारीक राहते.

यावर उपाय म्हणून मी संगणक बंद केला. प्रतिज्ञेच्या अकरा झेरॉक्स प्रती काढल्या, चार-चार जणांचे गट केले आणि प्रत्येक शब्दाचे मूळ रूप शोधून त्याच्या रूपांची मोजणी करायला सांगितले. दोन तास गेले, पण विभक्तीचा तक्ता पाठ करून घेताना जे मला कधी जमले नाही ते त्या दोन तासांत झाले. ‘माझा’ दोनदा, ‘माझे’ चारदा आणि ‘माझ्या’ चारदा, म्हणजे एकंदर दहा. ‘देश’ दोनदा, ‘देशावर’ एकदा, ‘देशातल्या’ एकदा, म्हणजे चार. ‘मला’ हे ‘मी’चेच रूप आहे हे कळल्यावर एका गटाने आपली बेरीज तीनवरून चारवर नेली आणि शेजारच्या गटाला ते सांगायचे नाही असे ठरवले. मग गाडी ‘देशबांधव’पाशी अडली. एका गटाने तो ‘देश’च्या खात्यात टाकला होता, दुसऱ्याने ‘बांधव’च्या, आणि दोघांच्याही बाजूने बोलता येत होते. समासाचा धडा आमचा अजून व्हायचा होता. शेवटी तिसऱ्या गटातल्या एका मुलीने अर्धा-अर्धा वाटून द्यावा असे सुचवले, तर साधनात साडेचार कसे भरायचे असा पेच आला, आणि त्यावर तिनेच सगळ्यांनाच दोनाने गुणावे अशी तोड काढली. त्याप्रमाणे ‘माझा’ वीस, ‘देश’ नऊ, ‘मी’ आठ, ‘बांधव’ तीन अशी वजने आम्ही यादीत भरली. ‘भारत’ आणि ‘भारतीय’ एक की दोन, या वादात घंटा झाली आणि तो वाद अजून तसाच आहे.

त्यानंतर उमटलेल्या मेघात ‘माझा’ हा शब्द बाकी सगळ्यांना झाकून टाकणारा होता. मी मुलांना सांगितले की रुळलेल्या पद्धतीप्रमाणे सर्वनामेही गाळायची असतात, इंग्रजीत तर यंत्र ती स्वतःच गाळते, तेव्हा ‘माझा’ काढू या. इंग्रजी प्रतिज्ञा अशा साधनात घातली की ‘माय’ हा शब्द गुपचूप नाहीसा होतो, आणि काय गेले ते वाचणाऱ्याला कळतही नाही. वर्गाने विरोध केला. ज्या मुलीने दोनाने गुणायला सांगितले होते ती म्हणाली, “सर, ‘माझा’ काढला तर ते भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य होईल.” मी ‘माझा’ राहू दिला. कोणता शब्द गाळायचा याचा निर्णय यंत्रावर सोपवू नये, असे मला वाटते ते तिच्या या वाक्यामुळे.

काही बारीक गोष्टी, ज्यांनी मला त्रास दिला आणि इतरांनाही देतील, त्या येथेच नोंदवतो. दिसायला हुबेहूब असलेला शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिलेला असू शकतो. ‘ॲप’ मधला ॲ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे, पण काही कळफलकांवरून तो अ आणि वरची चंद्रकोर असा दोन चिन्हांनी बनतो; ‘शेतकऱ्यांना’ मधला ऱ्य देखील दोन वाटांनी टंकता येतो. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही आणि यंत्र मात्र दोन वेगळे शब्द मोजते. एकच शब्द मेघात दोन ठिकाणी दिसला तर डोळ्यांवर संशय न घेता टंकलेखनावर घ्यावा. युनिकोडपूर्व काळातल्या अक्षरवळणांत टंकलेले जुने निबंध आणि प्रश्नपत्रिका तर चिकटवूच नयेत. शाळेच्या कार्यालयातल्या अशा एका धारिकेतून मला निव्वळ रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा कचरा मिळाला.

मांडणीबाबत माझा आग्रह असा की शब्द उभे फिरवण्याची सोय पहिल्यांदा बंद करावी. इंग्रजी शब्द उभा केला तरी मान वाकडी करून वाचता येतो. शिरोरेषेने बांधलेला मराठी शब्द उभा केला की मागच्या बाकावरून तो खिडकीच्या गजासारखा दिसतो. अक्षरवळण स्वच्छ असावे. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी ही दोन्ही मोफत मिळतात आणि साधनाने परवानगी दिली तर चढवता येतात. रंग दोनच ठेवावेत. ही साधने रंग मनाला येईल तसे वाटतात, आणि मुले लगेच विचारतात की ‘मान’ लाल का आणि ‘निष्ठा’ हिरवी का. या प्रश्नाला उत्तर नसते आणि नसलेल्या अर्थाचा शोध घेण्यात तासाची दहा मिनिटे जातात.

आणखी एक फसवणूक मापाची आहे. ‘वडीलधाऱ्या’ हा शब्द प्रतिज्ञेत एकदाच येतो, पण तो लांब असल्यामुळे तीनदा येणाऱ्या ‘मी’पेक्षा मेघात जास्त जागा अडवतो. साधन अक्षरांची उंची बदलत असते, डोळा मात्र क्षेत्रफळ पाहतो. हे पटवण्यासाठी मी मुलांना चौकटीच्या वहीत त्याच आकड्यांचे स्तंभालेख काढायला लावले. माझा किती, देश किती, हे स्तंभालेखात एका नजरेत कळते आणि शब्दमेघात अंदाज करावा लागतो. मोजायचे असेल तर शब्दमेघ हे चुकीचे हत्यार आहे. गणिताच्या बाईंनी मुलांच्या वह्या पाहून “हे मराठीच्या तासाला?” असे विचारले, तेव्हा मला उगाचच बरे वाटले.

आता मुलांनी शब्द पाठवायच्या, म्हणजे थेट चालणाऱ्या प्रकाराविषयी. शाळेत मोबाइल आणायला मुलांना मनाई आहे आणि ती असावी, तेव्हा हा प्रयोग संगणककक्षातच करावा लागतो. आमच्याकडे अकरा संगणक आहेत. त्या दिवशी आठ चालू होते. विषय मी दिला ‘पाणी’. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेथे मुलांना या विषयावर सुचत नाही असे होत नाही. ‘टाकी’, ‘मोटर’, ‘उजनी’, ‘घागर’, ‘नंबर’ असे शब्द पडू लागले आणि प्रत्येक नव्या शब्दाबरोबर फळ्यावरचा पुंजका सरकून स्वतःला सावरू लागला. हे दृश्य खरोखर देखणे असते आणि ज्याने वर्गात कधी तोंड उघडले नाही तो मुलगा आपला शब्द कुठे गेला ते शोधायला उठून उभा राहतो. या साधनांचे सर्वांत मोठे श्रेय हेच आहे. मात्र ‘टँकर’ हा शब्द आम्हाला चार रूपांत मिळाला : टँकर, टॅंकर, टॅन्कर आणि, हिंदी कळफलक निवडलेल्या एका संगणकावरून, टैंकर. चौघांची बेरीज केली असती तर तोच सर्वांत मोठा ठरला असता. तसा तो चार कोपऱ्यांत विखुरलेला राहिला आणि पहिला मान ‘टाकी’ला गेला.

त्याच पुंजक्याच्या कडेला, वाचायला जवळ जावे लागेल इतक्या बारीक अक्षरांत, एक शब्द होता : ‘जागरण’. तो कोणी लिहिला हे मी विचारले नाही, कारण निनावीपणा हाच या प्रयोगाचा करार असतो. पण लिहिणारी स्वतःच बोलली. त्यांच्या गल्लीत पाणी रात्री दोनला येते, आई दिवसभर विड्या वळून दमलेली असते, त्यामुळे पाणी भरायला ती उठते आणि सकाळी पहिल्या तासाला तिचे डोळे मिटतात. पहिल्या तासाला तिला मी अनेकदा उभे केले होते. वारंवारिता मोजणारे यंत्र एकदाच आलेल्या शब्दाला लहानच दाखवणार, त्यात त्याची चूक नाही. शिक्षकाने मात्र मेघ कडेकडून वाचायला सुरुवात करावी, अशी सवय मी तेव्हापासून लावून घेतली आहे.

थेट प्रकारात धोकाही आहे. पुढच्याच आठवड्यात कोणीतरी वर्गमित्राचे टोपणनाव तीनदा पाठवले आणि ते सर्वांसमोर फुगून मोठे झाले. असभ्य शब्द अडवणारी चाळणी बहुतेक साधनांत असते, पण सोलापुरी टोपणनाव कोणत्या चाळणीत अडकणार? तेव्हापासून निकाल झाकून ठेवण्याची सोय असेल तरच मी ते साधन वापरतो. सगळे शब्द आले की आधी स्वतः पाहतो आणि मग फळ्यावर उघडतो. यात फुगत जाणाऱ्या मेघाची गंमत निम्मी जाते, पण ज्या मुलाचे नाव आले होते त्याचा चेहरा पाहिल्यावर तेवढी किंमत मला जास्त वाटली नाही.

मोफत योजनांमध्ये सहभागी होणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा असते. गटागटाने एकच यंत्र वापरल्यास ती आड येत नाही, आणि एका शब्दावर चार जणांना भांडून एकमत करावे लागते हा वरचा फायदा. मुलांना ईमेल देऊन नोंदणी करायला लावणारे साधन मी वापरत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे, तर एका चित्रासाठी तो खटाटोप कशाला करावा? निबंध चिकटवतानाही नावे आणि पत्ते आधी पुसावेत. वीज गेली किंवा जोडणी तुटली तर काय, याचे माझे उत्तर अगदी साधे आहे : खडू. मोजणी झाली असेल तर मेघ फळ्यावर हाताने काढता येतो, आणि आमच्या वर्गाने मे महिन्याच्या उन्हाळी वर्गात तसा काढलाही.

आपल्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, ते पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या कामासाठी नावाजले गेले होते. तेव्हापासून आमच्याकडे कोणतेही नवे साधन आले की त्याच्याकडून तेवढ्याच अपेक्षा केल्या जातात. शब्दमेघाकडून त्या करू नयेत. पाठाच्या सुरुवातीला मुलांची जीभ सैल करायला आणि निबंध लिहून झाल्यावर ‘खूप’, ‘छान’, ‘मग’ हे शब्द आपण किती वेळा वापरतो ते त्यांचे त्यांना दाखवायला ते उत्तम आहे. कवितेला ते लावू नये. तिथे एकदाच आलेल्या शब्दावर सगळा भार असतो. आकलन तपासायला किंवा गुण द्यायलाही ते निरुपयोगी आहे. आठवड्याला एकदा वापरले तर मुले वाट पाहतात, रोज वापरले तर तिसऱ्या दिवशी कंटाळतात, हा माझा दोन वर्षांचा अनुभव.

प्रतिज्ञेच्या त्या तासांना एक शेपूट जोडले गेले. ही प्रतिज्ञा १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी मूळ तेलुगूत लिहिली, हे मी सांगितले तेव्हा वर्गातल्या तेलुगू बोलणाऱ्या मुलांनी बाक वाजवले. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आजोबांकडून ती तेलुगूत म्हणवून घेऊन, देवनागरीत उतरवून घेऊन आला. आजोबांचे शिक्षण तेलंगणात झाले होते आणि त्यांना ती अजून येत होती. आम्ही त्याने आणलेला मजकूर जसाच्या तसा साधनात टाकला. यादी नाही, मूळ रूप नाही, काहीच दुरुस्त केले नाही, तरी मधोमध एकच शब्द ठसठशीत उमटला : ‘ना’. घरी मराठी बोलणारी मुले हसू लागली, की तेलुगू प्रतिज्ञा तर सरळ नाही म्हणते आहे. तो मुलगा उठून फळ्यापाशी गेला आणि म्हणाला, “ना म्हणजे माझा. आमच्यात ते माझा-माझे-माझ्या असं होत नाही, सगळीकडे ना-च.” मग त्याने खडू घेतला, भिंतीवर चिकटवलेल्या आमच्या मराठी मेघातल्या ‘माझा’पासून डिजिटल फळ्यावरच्या ‘ना’पर्यंत एक बाण ओढला, आणि तो बाण डिजिटल फळ्याच्या काचेवरून पुसायला शिपाईमामांना ओले फडके आणावे लागले.